खाडी कोणाची? खांदेरी, उंदेरी आणि १६७९ चे वादग्रस्त पाणी

(थ्रेड) रसायनीतून समुद्र दिसत नाही. दिसतात ते माणिकगड, कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगडाचे पठार आणि कारखान्यांची धुराडी. तरीही सतराव्या शतकातील एका सागरी संघर्षाची मुळे शोधायची, तर नकाशावर बोट येथेच ठेवावे लागते. ज्या पाण्यासाठी मराठे, सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांसमोर उभे ठाकले, त्या पाण्याची मागची बाजू म्हणजे कर्जत आणि खालापूरचा हा प्रदेश.

आधी भूगोल पाहू. बोरघाटाच्या परिसरातील डोंगरउतारांवरून तीन नद्या खाली येतात. उल्हास उत्तरेकडे वळते, कर्जतवरून कल्याणला जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगा खोपोली आणि खालापूर मागे टाकून रसायनी-आपट्याकडे येते. अंबा दक्षिणेकडे वळसा घेऊन पाली आणि नागोठण्यावरून फिरते. पाताळगंगा आणि अंबा, उगमाशी जवळ असलेल्या या दोघी, अखेरीस एकाच धरमतरच्या खाडीत येऊन मिळतात, आणि ही खाडी करंजा व रेवस यांच्या मधून मुंबई बंदराच्या तोंडाशी उघडते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेला पाऊस मुंबईच्या उत्तरेलाही जातो आणि दक्षिणेलाही. हा योगायोग भूगोलाचा. परंतु ज्याच्या हाती ही खोरी, त्याला मुंबई बेटाभोवतीच्या पाण्यात दोन्ही टोकांनी उतरता येते, हा त्याचा राजकीय अर्थ.

(आज पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहताना दिसते, त्याचे मोठे श्रेय १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याला आहे. सतराव्या शतकातील नदी डोळ्यांसमोर आणताना हे पाणी वजा करावे.)

आता प्रश्न असा, की खाडीचे किंवा आखाताचे पाणी कोणाच्या तरी मालकीचे असू शकते काय? हा प्रश्न जुना नाही. लिबियाच्या किनाऱ्यावर भूमध्य समुद्राचे सिद्रा नावाचे विस्तीर्ण आखात आहे. १९७३ मध्ये मुअम्मर गद्दाफीच्या सरकारने ३२ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशावर एक रेषा ओढली आणि तिच्या दक्षिणेचे सारे पाणी लिबियाचे अंतर्गत पाणी असल्याचे जाहीर केले. ही रेषा जवळजवळ ३०० सागरी मैलांची. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार उपसागराचे तोंड २४ सागरी मैलांपर्यंत असेल तरच ते असे रेषेने बंद करता येते; त्याहून रुंद असेल तर दीर्घ इतिहासाचा आधार दाखवावा लागतो. अमेरिकेने रेषा मानली नाही, मुद्दाम जहाजे आत पाठवली, आणि १९ ऑगस्ट १९८१ रोजी तिच्या लढाऊ विमानांनी लिबियाची दोन विमाने पाडली. १९८६ मध्ये तेथे पुन्हा रक्त सांडले. कागदावरची रेषा आणि पाण्यावरची ताकद यांचा हा झगडा होता.

मुंबई बंदराचे तोंड सिद्राच्या मानाने अगदीच चिंचोळे. आजच्या कायद्याने ते निर्विवादपणे किनाऱ्यावरील राज्याचे ठरेल. पण १६७९ मध्ये त्या किनाऱ्यावर राज्य एक नव्हते, चार होती. तेथेच सारी गुंतागुंत आहे.

पहिला दावेदार पोर्तुगाल. साष्टी, वसई, करंजा आणि चौल त्याच्या ताब्यात. समुद्रावरून जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी गलबताने आपले दस्तक घेतलेच पाहिजे, असा त्याचा सोळाव्या शतकापासूनचा दंडक होता. ह्यूगो ग्रोशियस या डच विद्वानाने १६०९ मध्ये समुद्र सर्वांना मोकळा असल्याचा सिद्धांत मांडला, तो नेमका पोर्तुगीजांच्या या मक्तेदारीविरुद्ध. गंमत अशी, की १६३५ मध्ये जॉन सेल्डन या इंग्रजाने त्याला उत्तर देऊन समुद्रावर मालकी असू शकते, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. आपापल्या सोयीप्रमाणे समुद्र मोकळा किंवा बंद ठरवण्याची युरोपीय राष्ट्रांची ही सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा दावेदार इंग्रज. २३ जून १६६१ च्या विवाह-तहाने मुंबईचे बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. प्रत्यक्ष ताबा फेब्रुवारी १६६५ मध्ये, आणि १६६८ मध्ये ते वर्षाला दहा पौंड खंडाच्या बोलीने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. पण ‘मुंबईचे बंदर’ म्हणजे नक्की किती? इंग्रज म्हणत, त्यात साष्टी आणि करंजाही आले. पोर्तुगीज म्हणत, एका बेटापलीकडे काहीही नाही. परिणाम असा झाला, की मुंबईहून मुख्य भूमीकडे जाणाऱ्या होड्यांना ठाणे आणि करंजा येथे पोर्तुगीजांची जकात भरावी लागे. बंदर इंग्रजांचे, पण बंदरातून बाहेर पडण्याच्या वाटा दुसऱ्याच्या! शिवाय धान्य आणि सरपण यांसाठी मुंबई समोरच्या किनाऱ्यावर अवलंबून होती, आणि तो किनारा मराठ्यांचा.

तिसरा दावेदार जंजिऱ्याचा सिद्दी. मोगलांच्या आरमाराचे प्रमुखपद मिळाल्यापासून त्याच्यामागे सुरतेचा पैसा उभा होता. पावसाळ्यात त्याची जहाजे मुंबई बंदरात, माझगावच्या आश्रयाने नांगर टाकीत. इंग्रजांना हे नको असे, पण सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर चालत असल्याने ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. पावसाळा सरला की सिद्दीची माणसे खाडी ओलांडीत, पेण आणि नागोठण्याच्या नद्यांमधून आत शिरत, गावे जाळीत आणि माणसे धरून नेत. १६७३ च्या ऑक्टोबरमध्ये असेच झाले. कंपनीच्या कागदांत हा मजकूर दोन-चार ओळींत येतो. ज्या गावांतून माणसे नेली गेली, त्यांच्या बाजूने लिहिलेला कागद मात्र उरलेला नाही.

चौथे दावेदार शिवाजी महाराज. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी हाती आली आणि लगोलग खाडीत जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. प्रारंभी पोर्तुगीज कारागीरही त्या कामावर होते. वसईच्या अधिकाऱ्यांना धोका उमगताच त्यांनी ते काढून घेतले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा आणि माणिकगड होते, ही बाब या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ते गेले तेव्हा बंदराची पाठ मोगलांकडे गेली. १६७० च्या धडाक्यात हा टापू परत आला. आणि पुढच्या दोनच वर्षांत, १६७२ मध्ये, महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचा पहिला प्रयत्न केला. सिद्दी आणि इंग्रज दोघांचीही जहाजे आडवी आली, म्हणून तो तेव्हा सोडावा लागला.

खांदेरी हे थळच्या किनाऱ्यासमोरचे दोन टेकड्यांचे लहानसे बेट. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटर. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी, खांदेरीहूनही लहान. पिकाच्या दृष्टीने या बेटांची किंमत शून्य. परंतु दक्षिणेकडून मुंबईत शिरणारे किंवा तेथून निघणारे प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसते. माझगावच्या सिद्दीवर नजर ठेवायची, जंजिऱ्याशी त्याचा संबंध तोडायचा आणि इंग्रजांना जरब बसवायची, तर याहून चांगली जागा नाही.

१६७८ च्या पावसाळ्यात दुसरा उपाय करून पाहिला गेला होता. दौलतखान आणि दर्यासारंग यांना चार हजार माणसांनिशी पनवेलला पाठवले गेले. हेतू असा, की खाडी ओलांडून माझगावला नांगरलेली सिद्दीची जहाजे जाळावीत. पण पावसाळी समुद्र, होड्यांची टंचाई आणि वाट देण्यास पोर्तुगीजांचा नकार यांमुळे मोहीम पनवेलच्या चिखलातच अडली. बंदराची पाठ हाती असून भागत नाही, तोंडही हवे, हे त्यातून स्पष्ट झाले असावे.

१६७९ च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडारी सुमारे १५० माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला. वेळ अचूक निवडलेली होती. पावसाळा पुरता संपलेला नसल्याने मोठी जहाजे अजून बाहेर पडू शकत नव्हती. माणसे दगड रचू लागली. मुंबईला बातमी लागताच इंग्रजांनी तीन शिबाडे पाठवून निरोप दिला, की हे बेट मुंबईचे आहे, निघून जावे. विवाहाच्या तहात खांदेरीचे नावही नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे. मायनाकचे उत्तर थोडक्यात असे होते, की धन्याच्या हुकुमावाचून आपण हलणार नाही.

मग इंग्रजांनी वेढा घातला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला. त्याच्याबरोबरचे आणखी काही पडले, काही कैद झाले. मद्याच्या अमलाखाली त्याने हा अविचार केला, असा ठपका इंग्रजांच्याच बाजूने ठेवला गेला आहे. अपयशाचे कारण व्यक्तीच्या दुर्गुणात शोधले की धोरणावर प्रश्न येत नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

मुख्य सामना १८ ऑक्टोबरचा. इंग्रजांची आठ जहाजे खांदेरीपाशी होती. त्यांत ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज, दोन गुराबा आणि बाकी शिबाडे व मचवे. ‘रिव्हेंज’वर कॅप्टन विल्यम मिंचिन आणि कॅप्टन रिचर्ड केग्विन. पहाट फुटत असताना दौलतखानाची चाळीसहून अधिक गलबते दक्षिणेकडून किनाऱ्याच्या कडेने आली. नाळेवरच्या तोफा डागीत ती इतक्या वेगाने चालून आली, की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. ऑक्टोबरमध्ये या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो. शिडांवर चालणारे जड जहाज अशा वेळी पांगळे होते, आणि वल्ह्यांवर चालणारे उथळ तळाचे गलबत मात्र हवे तसे फिरते. अर्ध्या तासाच्या आत ‘डोव्हर’ ही गुराब निशाण उतरवून मराठ्यांच्या स्वाधीन झाली. तिच्यावरील सार्जंट मॉलव्हरर आणि त्याचे लोक कैद झाले. लहान जहाजे अंतर राखून राहिली. ‘रिव्हेंज’ एकटे उरले.

आणि या एकट्या जहाजाने दिवस वाचवला, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या जड तोफांपुढे काही गलबते बुडाली, बाकीची मागे वळली. इंग्रजांनी पाठलाग केला तो नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत. पुढे उथळ पाणी आणि गाळाचा बांध. ‘रिव्हेंज’चा तळ तेथे टेकला असता. ज्या खाडीत खालापूरच्या डोंगरांचे पाणी उतरते, तिनेच मराठी आरमाराला आसरा दिला. दोन दिवसांनी गलबते पुन्हा बाहेर डोकावली, इंग्रज पुढे येताच पुन्हा आत गेली.

या दिवसावरून आजही समाजमाध्यमांवर वाद रंगतात. इंग्रजी साधने वाचणारा म्हणतो, इंग्रज जिंकले. इकडचा अभिमानी म्हणतो, मराठे जिंकले. दोघेही चुकीचा प्रश्न विचारतात. दौलतखानाला ‘रिव्हेंज’ बुडवायचे नव्हते, खांदेरीवर रसद पोहोचवायची होती. त्या दृष्टीने पाहिले तर लढाईनंतरच्या रात्री अधिक महत्त्वाच्या ठरतात. अंधारात, भरतीच्या वेळा साधून, लहान गलबते वेढ्यातून सटकत आणि बेटावर धान्य, दारूगोळा व माणसे उतरवून पहाटेपूर्वी परत येत. इंग्रजांची जहाजे त्यांना अडवू शकली नाहीत. तट मात्र दर आठवड्याला उंच होत गेला.

दरम्यान जमिनीवरही दाब वाढत होता. चार हजार मराठी फौज कल्याण-भिवंडीकडे जमली. ठाण्यावरून मुंबईवर उतरण्याचा तिचा बेत. पोर्तुगीजांनी वाट नाकारली, तेव्हा ती पनवेलकडे वळली. उल्हासचे खोरे आणि पाताळगंगेचे खोरे, मुंबईच्या पाठीमागची दोन दारे एकामागून एक ठोठावली जात होती. प्रत्यक्ष हल्ला झाला नाही, पण मुंबईत घबराट पसरली. एका निर्जन बेटासाठी मुंबईच गमावण्याची वेळ येईल, ही भीती सुरतेच्या इंग्रज अधिकाऱ्यांना पडू लागली.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासीम मोगलांचे आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदतीला म्हणायचे खरे. पण त्याला खांदेरी जिंकून स्वतःकडेच ठेवायची होती, हे इंग्रजांच्याही लवकरच लक्षात आले. मराठ्यांचे ठाणे नाकाशी असणे वाईट, सिद्दीचे असणे त्याहून वाईट! खर्च वाढत होता, लंडनच्या मालकांना युद्ध नको होते. सुरतेहून हुकूम आला, की अब्रू राखून या प्रकरणातून बाहेर पडा.

९ जानेवारी १६८० रोजी सिद्दी कासीमने आपला डाव टाकला. तो उंदेरीवर उतरला आणि तेथे तटबंदी सुरू केली. दौलतखानाने समोरच्या किनाऱ्यावर तोफा चढवून उंदेरीवर मारा केला, चाल करून पाहिली. तो स्वतः जखमी झाला, पण उंदेरी हटली नाही. इंग्रजांनी जानेवारीतच आपली जहाजे काढून घेतली आणि मार्चमध्ये महाराजांशी तह केला. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये झालेला करार कायम झाला. सिद्दीच्या जहाजांना मुंबईत आश्रय द्यायचाच तर मराठी मुलखाला उपद्रव होणार नाही, या बोलीवर द्यावा, असे ठरले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. हा तह झाल्यावर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले.

म्हणजे निकाल काय लागला? चार दावेदारांपैकी कोणालाही सबंध पाणी मिळाले नाही. एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात दोन बेटे, एक मराठ्यांचे, एक सिद्दीचे. त्यांच्या मधल्या पाण्यावर कोणतीही रेषा ओढलेली नव्हती. तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवर हद्द. युरोपात पुढे अठराव्या शतकात कायदेपंडितांनी किनारी राज्याच्या पाण्याची मर्यादा तोफेच्या पल्ल्यावरून ठरवण्याचा सिद्धांत मांडला. थळच्या कोळ्यांना तो मांडण्यापूर्वीच अनुभवास आला होता.

या अर्धवट निकालाची किंमत कोणी मोजली, हे पाहायचे तर पुन्हा रसायनीच्या शेजारी यावे लागते. १६८१ च्या जुलैमध्ये संभाजी महाराजांच्या २०० माणसांनी उंदेरीवर उतरण्याचा प्रयत्न केला. तो फसला. सिद्दीने ८० मुंडकी माझगावला आणली आणि किनाऱ्यावर खांबांवर लावण्याचा घाट घातला. इंग्रजांनी ते होऊ दिले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सिद्दीची माणसे खाडीतून आत शिरली आणि पाताळगंगेवरचे आपटे गाव जाळून गेली. आपट्याच्या खालच्या अंगाला नदीला भरती-ओहोटीचे पाणी लागते. ज्या भरतीवर गलबते मालासाठी वर येत, तिच्यावरच हल्लेखोरही येऊ शकत. १६८२ च्या प्रारंभी संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला आणि बेटापर्यंत दगडांचा सेतू बांधण्याचे काम हाती घेतले, त्यामागे या साऱ्या घटना होत्या. तो वेढा उठवावा लागला, तो मोगल सरदार हसनअलीखान घाट उतरून कल्याणवर आल्यामुळे. पुन्हा तेच उल्हासचे खोरे.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. ते १७१५ च्या सुमाराचे लेखन. त्यामागे खांदेरीसारख्या प्रसंगांचा अनुभव होता, हे ओळखणे अवघड नाही. कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरीने आपली किंमत पुन्हा दाखवली. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठे आरमार घेऊन हल्ला केला आणि तो हात हलवीत परतला. बेट इंग्रजांकडे गेले ते १८१८ मध्ये, पेशवाईच शेवटाला पोहोचली तेव्हा. १८६७ मध्ये त्यावर दीपगृह उभे राहिले, जहाजांना वाट दाखवण्यासाठी. तेथील वेताळाला आसपासचे कोळी आजही मानतात.

भारतीय नौदलाच्या दोन पाणबुड्यांना ‘खांदेरी’ हे नाव मिळाले, पहिली १९६८ मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये दाखल झाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांच्या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाही. थळच्या किनाऱ्यावरून पाहिले तर जवळ दिसते ती मात्र उंदेरीच.